सॉरी म्हटलं म्हणजे सापडलो?

‘होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ स्टेशनवरचं हे वाक्य आपल्याला पाठ असतं. त्यात ‘आमचं चुकलं’ असं कुठेच नसतं. दिलगिरी आणि माफी यांतलं हे अंतर संस्थांचे वकील डोळ्यांत तेल घालून जपतात, कारण चूक कबूल केली की ती उद्या कोर्टात पुरावा म्हणून उभी राहू शकते.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका लोकप्रतिनिधीची मुलगी सायकल चालवताना गाडीच्या धडकेने गेली. चालकाने कधीच माफी मागितली नाही; मागितली असती तर ती खटल्यात त्याच्यावरच उलटली असती. त्या बापाच्या संतापातून १९८६ साली तिथे कायदा झाला: अपघातानंतर दाखवलेली सहानुभूती हा दायित्वाचा पुरावा नाही. २००६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने ‘चूक आमची’ म्हणणाऱ्या माफीलाही संरक्षण दिलं. भारतात असा सर्वसाधारण कायदा नाही.

असावा का? विरोधातला मुद्दा साधा आहे. ज्या माफीची काहीच किंमत मोजावी लागत नाही, ती जाहिरातच. माणसाला माफी मागताना निदान लाज तरी वाटते. कंपनीच्या प्रेसनोटला काय वाटणार?

हे मला पटतं. तरी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. हॉस्पिटलमध्ये चुकीचं औषध दिल्याने वडील गेले. मुलीला दोन गोष्टी हव्यात: नेमकं काय झालं ते, आणि कुणीतरी समोर येऊन ‘आमचं चुकलं’ म्हणणं. आज दोन्ही एकाच वाक्यात अडकल्यात. डॉक्टरांचं वाक्य हाच तिचा पुरावा ठरणार असेल, तर डॉक्टर तोंड उघडणार नाहीत.

म्हणून पुरावा माफीवर अवलंबून असता कामा नये. आपल्याकडे २००२ च्या वैद्यकीय नियमावलीनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत केसपेपर द्यावेच लागतात. ती डॉक्टरांची मेहेरबानी नाही. असे हक्क रेल्वे, कारखाने, बँका सगळीकडे हवेत. काय घडलं ते नोंदींतून कळावं, भरपाई त्यावरून ठरावी. मग माफीला खुशाल संरक्षण द्या.

पण याच क्रमाने. नोंदी दडवणाऱ्या संस्थेला आधी माफीचं कवच दिलं, तर त्या मुलीच्या हाती फक्त स्टेशनवरची घोषणा उरेल.