हा कचरा निवडतो कोण?

पृथ्वीचे रक्षण हा आज सुशिक्षित कुटुंबांत मुलांस सांगावयाचा नवा धर्म झाला आहे. तो स्तुत्यच होय. परंतु अखिल पृथ्वी व अद्याप न जन्मलेल्या पिढ्या यांविषयीचे कर्तव्य पाळल्याचे समाधान मनुष्यास फार स्वस्तात मिळते, अशी आम्हांस शंका येते. आमच्याच घरी उष्टे अन्न, जुने कागद व फुटकी काच एकाच बादलीत पडत असत. एके दिवशी मुलाने विचारले, "हे निवडतं कोण?" उत्तर देताना आम्ही ओशाळलो.

पुण्यात 1993 साली स्थापन झालेल्या कचरावेचकांच्या संघटनेचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. त्या नावातच उत्तर आहे. घरीच ओला व सुका कचरा वेगळा करण्याचे बंधन 2016 सालच्या नियमांनी घातले. परंतु नीतीचे बंधन त्याहून जुने आहे. आमटीत भिजलेल्या कागदाला मोल येत नाही; म्हणजे आमच्या आळसाने दुसऱ्याची मजुरी बुडते.

कोणी म्हणेल, एका घराने काय होणार? हवामानाच्या अफाट हिशेबात हा आक्षेप दुबळा नाही. येथे मात्र तो टिकत नाही. एका घरची काच एक हात कापण्यास पुरेशी असते. म्हणून मुलांस पृथ्वीविषयी उपदेश करण्यापूर्वी वडिलांनी स्वतः ती काच कागदात गुंडाळून, वर तसे लिहून, वेगळी ठेवावी. मुले ते पाहतीलच.