केस आणि कारण

केस लांब ठेवायला कारण लागत नाही, कापायला लागतं. कमरेपर्यंतची वेणी पाठीवर टाकून बाई आयुष्यभर हिंडली तरी तिला कुणी ‘का गं?’ म्हणून विचारत नाही. तीच वेणी मानेपाशी छाटून ती सोमवारी सकाळी जुईनगरच्या फलाटावर उभी राहिली, की लेडीज डब्यातल्या मैत्रिणी आधी दचकतात आणि मग निदान सुरू होतं. तब्येत बरी आहे ना? बालाजीला दिलेस का? फार गळत होते का? आणि सगळ्यात हळू आवाजात, घरी काही झालंय का? वाशीचा पूल ओलांडेपर्यंत आजार, नवस, टक्कल आणि नवरा हे चारही पर्याय तपासून होतात. ‘मला हवे होते तसे’ हा पर्याय त्या यादीत नसतोच.

आजाराची शंका तर इथे अगदीच हवेतली म्हणता येत नाही. आमच्यापासून चौथं स्टेशन खारघर, आणि तिथे टाटाचं कर्करोग केंद्र. याच गाडीत डोक्याला घट्ट रुमाल बांधलेल्या बायका दिसतात. केमोनं केस गेलेल्या बाईच्या शेजारी बसून आपल्या हौशीच्या बॉयकटबद्दल उत्साहानं बोलणं जड जातं, हे खरं. म्हणून मग आपण सोयीचं कारण पुढे करतो. खाडीकाठचा दमट उकाडा, सकाळची घाई, केस वाळायला वेळ नाही. समोरचीचं समाधान होतं, आपलीही सुटका होते.

पण सोय हे कारण चक्क खोटं आहे. सोयीचे असतात ते लांब केस. वळायचे, क्लचरमध्ये अडकवायचे, दिवस निघाला. आखूड केसांना लपायला जागा नसते. रात्री एका कुशीवर चेपले की सकाळी ओले करावेच लागतात. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. वेणीत ही वाढ कळतही नाही. बॉयकटमध्ये कानावर आलेली तेवढीच वाढ आरशात रोज टोचते. म्हणजे दर पाच-सहा आठवड्यांनी खुर्चीत जाऊन बसणं आलं, पैसे आले. त्याच हिशेबानं पाऊण मीटर वेणीचं टोक पाच वर्षं जुनं असतं. इतकी जुनी वस्तू आपण घरात दुसरी कुठली रोज विंचरतो?

सोय नाही, तर मग काय? हौस. आणि बाईच्या हौशीला आपल्याकडे मोठ्या माणसांची सही लागते. पार्लरमधल्या मुलीनं माझ्या खांद्यावर कापड टाकलं, वेणीला वर-खाली दोन रबरं बांधली आणि कात्री हातात घेऊन विचारलं, ‘मॅडम, घरी विचारलंय ना?’ तिचंही काही चुकत नव्हतं. मागे एकीची सासू दुकानात भांडायला आली होती म्हणे. ती म्हणाली, फेशियलला कुणी भांडत नाही, वॅक्सिंगला भांडत नाही; केसांचंच काय ते असतं.

या ‘घरी विचारण्या’ची वंशावळ जुनी आहे. नवरा मेला की बाईचे केस उतरवायचे, त्यासाठी न्हावी घरी बोलवायचा, आणि ज्या डोक्यावर वस्तरा फिरणार त्या डोक्याला सोडून सगळ्यांना विचारायचं, ही आपल्याकडच्या उच्चवर्णीय घरांची रीत होती. ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधल्या यमूचं जबरदस्तीचं केशवपन मराठी वाचक अजून विसरलेला नाही. ती कादंबरी ज्यातून येऊ लागली ते हरिभाऊ आपट्यांचं ‘करमणूक’ साप्ताहिक 1890 मध्ये सुरू झालं. त्याच साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरलं. (गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही त्याच साली, याच लोखंड्यांच्या खटपटीनं. आज रविवारी सलूनात नंबर लागत नाही तेव्हा मला त्यांची आठवण होते.) वपनाची चाल मोडायला शास्त्रार्थ झाले, लेख झाले, ठराव झाले. पण हत्यार ज्याच्या हातात होतं त्यानं मिळकतीवर पाणी सोडून नाही म्हणणं, हे मला या सगळ्यांत मोठं वाटतं. तो घरातल्या कर्त्यांना नाही म्हणाला. आमची पार्लरवाली सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर त्याच कर्त्यांचा होकार शोधते आहे.

त्या काळातल्या दोघीजणी मला जास्त जवळच्या वाटतात. पंडिता रमाबाई विधवा होत्या. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. त्यांच्या छायाचित्रांत ना वपन दिसतं, ना अंबाडा. सरळ आखूड कापलेले केस दिसतात. दुसऱ्या पार्वतीबाई आठवले, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. त्यांचं वपन झालेलं होतं आणि पुढे, बऱ्याच विचारानंतर, त्यांनी केस वाढवायचं ठरवलं. ‘माझी कहाणी’त त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. आम्ही कापतो ते दहा मिनिटांत उरकतं, लोक एकदाच दचकतात. वाढवणाऱ्या बाईचं धाडस मात्र महिनोन् महिने, सव्वा सव्वा सेंटीमीटरनं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढत राहतं. केस आखूड म्हणजे बाई सुटली आणि लांब म्हणजे अडकली, असलं सोपं गणित पार्वतीबाईंपुढे टिकत नाही.

जट आलेल्या बाईचं आणखी वेगळं. गुंता झाला, तो सुटेना, की देवीचं बोलावणं आलं असं ठरवून त्याला कात्री लावायची नाही. मानेला ओझं, दुर्गंधी, उवा, सगळं सोसायचं. पुण्याच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो बायकांची जट कापली आहे. त्या मुळात ब्यूटीपार्लर चालवायच्या. कात्रीइतकाच वेळ घरच्यांची भीती काढायला लागत असणार. इथेही केस बाईचे आणि निर्णय देवीचा, म्हणजे पुन्हा घरच्यांचा.

पुरुषांना यातलं काही नसतं असं नाही. केस वाढवलेल्या पोराला बाप जेवणाच्या ताटावर बोलतोच. पण तो बोलतो तेव्हा पोराच्या तब्येतीची किंवा संसाराची चौकशी करत नाही.

कापल्यानंतर सवय व्हायला लागते ती हातांना. सीटला टेकताना वेणी पुढे घ्यायला हात मागे जातो आणि रिकामा परत येतो. शाम्पू जुन्याच मापानं ओतला जातो आणि बराच वेळ फेस धुत बसावं लागतं. ऑफिसच्या एसीत मानेला गारवा लागतो. कानातल्या कुड्या, ज्या इतकी वर्षं केसांत दडलेल्या असायच्या, अचानक लोकांना दिसू लागतात. शिरवण्याला एका आगरी घरी हळदीला गेले होते. दारात प्रत्येकीच्या अंबाड्यावर फुलांची वेणी माळत होते. यजमानीण काकू हातात वेणी घेऊन माझ्यामागे आल्या, डोक्याला एक प्रदक्षिणा घातली, यू-पिन खोचून पाहिली, ती घसरली. ‘आता हिला कुठं माळू?’ असं सगळ्या मांडवाला विचारून त्यांनी ती माझ्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधली आणि पुढच्या बाईकडे गेल्या. कारण विचारलं नाही. त्यांच्यापुढे प्रश्न फुलांचा होता.

दुसऱ्यांदा कापायची वेळ आली तेव्हा पार्लरच्या दरपत्रकाकडे मी नीट पाहिलं. तोच कट, तेवढेच केस, तेवढीच मिनिटं. आणि दर पलीकडच्या गल्लीतल्या जेंट्स सलूनच्या कितीतरी पट. मी विचारलं तर ती मुलगी म्हणाली, ‘लेडीजचे केस म्हणजे जबाबदारी असते, मॅडम.’ मी पलीकडच्या गल्लीत गेले. दोन गिऱ्हाइकांनी मोबाइलमधून मान वर केली, पुन्हा खाली घातली. भैयानं खुर्ची झटकली, गळ्याभोवती कापड बांधलं आणि आरशात माझ्याकडे बघत विचारलं, ‘मशीन लगाऊँ या कैंची?’