कंठाचे कारभारीपण

कीर्तीच्या ऐन बहरात देणगी बाजूला ठेवणे, हे समर्पण की धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणे? स्टॉकहोममध्ये जन्मलेली ऑपेरा-गायिका जेनी लिंड (१८२०-१८८७) हिच्या चरित्रामुळे हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. परदेशांत, विशेषतः जर्मनीत व इंग्लंडात, अपार लोकप्रियता लाभली असता १० मे १८४९ रोजी, वयाच्या २८व्या वर्षी, तिने लंडनमध्ये ऑपेराच्या रंगभूमीचा कायमचा निरोप घेतला.

या त्यागाची स्तुती करणे सोपे आहे. परंतु तिने रंगभूमी सोडली, गाणे नव्हे. १८४८ मध्ये लंडनमध्ये मेंडेल्सोनची 'एलिया' ही संगीतरचना गाऊन तिने त्या दिवंगत संगीतकाराच्या नावे शिष्यवृत्तीसाठी निधी उभारला होता. १८५० ते १८५२ या काळातील अमेरिकेच्या दौऱ्याची बरीच मिळकत तिने धर्मादाय कार्यांना, मुख्यतः स्वीडनमधील शाळांना दिली. १८८३ पासून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये तिने गायन शिकवले.

दाखल्यातील मूळ ग्रीक शब्द 'तालांतोन' हे वजनाचे व पैशाचे माप होय. धन्याने ते दासांच्या स्वाधीन केले. मालकी त्याचीच राहिली. तेव्हा रंगभूमी अपवित्र आणि मंदिर पवित्र, एवढ्याने निवाडा होत नाही. उपासनेत गाणारा कंठही स्वतःचाच गौरव शोधू शकतो, आणि अखेरपर्यंत रंगभूमीवर राहिलेल्या गायिकेस कमी लेखण्याचा अधिकार आपणांस नाही. जागा बदलल्याने हिशेब चुकत नाही. आपल्या देणगीने कोणाचे भले झाले, हे आपण प्रत्येकाने स्वतःस विचारावे.