थट्टेतला मान

सूरह अल-हुजुरातच्या अकराव्या आयतीने वाईट उपनावांनी एकमेकांस संबोधण्यास मनाई केली आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यावरून थट्टेने दिलेले प्रत्येक नाव निषिद्ध, असा अर्थ काही जण काढतात. प्रेषितांचे (सल्ल.) आचरण मात्र निराळे सांगते.

हजरत अनस (रजि.) यांच्या चिमुकल्या भावाला ते 'अबू उमैर' म्हणत. 'अबू' म्हणजे पिता. अरबांत हे प्रौढांना मानाने हाक मारण्याचे नाव. दूध सुटलेल्या मुलाला ते देणे ही थट्टाच. पण याच मानाच्या नावाने ते त्याच्या पाखराचीही विचारपूस करीत.

एका प्रवासात थकलेल्या सोबत्यांनी आपापले सामान एका मुक्त गुलामावर लादले. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना 'सफीना', म्हणजे जहाज, म्हटले. त्या दिवशी कित्येक उंटांचे ओझे लादले असते तरी जड वाटले नसते, असे ते पुढे सांगत. कोणी मूळ नाव विचारले तर तेही सांगत नसत; हेच माझे नाव, म्हणत. तेथे कोणी 'हमाल' म्हटले असते तर? ओझे तेच, पाठही तीच.

हजरत अली (रजि.) घरातील बोलाचालीनंतर मशिदीत जाऊन निजले होते. प्रेषितांनी (सल्ल.) स्वहस्ते त्यांच्या पाठीची धूळ झटकली आणि 'अबू तुराब', मातीचा पिता, म्हणून उठवले. पुढे मदिनेच्या एका शासकाने हेच नाव घेऊन अलींना शाप देण्यास हजरत सहल बिन साद (रजि.) यांना फर्मावले, तेव्हा ते उत्तरले की अलींना याहून प्रिय नाव नव्हते. निंदेसाठी उचललेला शब्द निंदकाच्याच हाती बोथट झाला!

चौकातील फलकांवरच्या 'कार्यसम्राट' मंडळींची गोष्ट वेगळी. तोंडावरच्या स्तुतीला प्रेषितांनी (सल्ल.) सोबत्याची मान कापण्याची उपमा दिली आहे. ज्या पदवीमागे कृती नाही, ती धारण करणाऱ्यास आतून उघडे पडण्याचे भय असते; आत्मविश्वास त्यातून कसा यावा?

मकतबात अडखळत वाचणाऱ्या मुलाला 'कारीसाहेब' म्हणणे हा उपहासच होय. ते त्यालाही कळते. पण तोच मुलगा रोज सर्वांआधी येऊन रेहाल मांडत असेल, तर त्याला हसत 'नाझिमसाहेब' म्हणून पाहा. दुसऱ्या दिवशी तो किती लवकर येतो, तेही पाहा.