गुण आला, पण कशाने?

पावसाळा ओसरू लागला की उज्जैनमध्ये डेंग्यूचे रुग्ण दिसू लागतात आणि त्यांच्या उशाशी पपईच्या पानांचा रसही येतो. पानं धुवायची, देठ-शिरा काढायच्या, वाटून फडक्यातून पिळायची आणि तो कडूजहर रस रुग्णाला चमचा-चमचा पाजायचा. दोन दिवसांनी प्लेटलेट वाढल्याचा रिपोर्ट येतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात: पपईने गुण आला. त्यांच्या जिवाची घालमेल पाहिलेल्या माणसाला यावर हसवणार नाही. तरीही विचारायलाच हवं, गुण नक्की कशाने आला?

डेंग्यूचा ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो. तो उतरण्याच्या सुमारास प्लेटलेट तळ गाठतात आणि बहुतेक रुग्णांत त्यानंतर आपोआप चढतात. घरचे घाबरतात ते नेमके त्या तळाशी, आणि रसही तेव्हाच सुरू होतो. त्या वेळी काहीही दिलं तरी यशाचं माप त्याच्याच पदरात पडणार. 2013 मध्ये मलेशियातल्या 228 रुग्णांच्या चाचणीत पानांचा रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट अधिक वाढल्या, हे खरं. पण कोण रस घेतंय हे तिथे सर्वांना ठाऊक होतं. शिवाय डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्याने. नुसता आकडा वाढला म्हणजे जीव वाचला, असं होत नाही.

परंपरेला मोडीत काढा, असं मी म्हणत नाही. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरची निरीक्षणं ब्रिटिश नियतकालिकात मांडली, तेव्हा जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. वैद्यांनी वाट दाखवली होती. वकिलांनी ती मोजून दाखवली. आपल्याला आज हवी आहे ती ही मोजणी.

पहिली मोजणी प्रयोगशाळेत होते. भांड्याच्या तळाशी माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींचा पातळ थर असतो. त्यात विषाणू सोडला की तो पेशी मारत जातो आणि रंग दिल्यावर थरात पांढरी भोकं दिसतात. वनस्पतीचा अर्क घातल्यावर भोकं कमी झाली, तर आशा धरायची. दिल्लीच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात पाठा या वेलीच्या अर्काने डेंग्यूच्या चारही प्रकारांना पेशींत अटकाव केला आणि उंदरांनाही वाचवलं. बातमी मोठी आहे, पण औषध मिळालं असं म्हणायला ती पुरेशी नाही.

ऑस्ट्रेलियातल्या एका वृक्षाच्या बियांमधल्या रसायनापासून सेल्गोसिव्हिर तयार झालं. त्यानेही डेंग्यू झालेले उंदीर वाचवले होते. सिंगापूरमध्ये 50 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांच्या आसपास रुग्णांना ते मिळालं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. 2014 मध्ये निष्कर्ष आला: औषध सुरक्षित, पण ना विषाणू लक्षणीय घटला, ना ताप. हे अपयश छापलं गेलं, ही मला त्या चाचणीची सर्वांत मोठी कमाई वाटते.

'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?' हा युक्तिवादही टिकत नाही. कोरोनाकाळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं. गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं म्हटलं. यात बरोबर कोण हे बाजूला ठेवलं, तरी बाटलीत कुठली वेल आहे याची खात्री हवी, हे दोन्ही बाजूंनी सिद्ध होतं.

उज्जैनमध्ये शासकीय धन्वंतरी आयुर्वेद महाविद्यालय आहे, तसंच आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गार्डीच्या संशोधकांनी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटबरोबर प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. अशा दोन संस्थांनी चाचणीसाठी एकत्र यावं. विषाणू रक्तात असतो तो सुरुवातीच्या दिवसांतच, म्हणून एनएस-1 या रक्ततपासणीने निदान लवकर करावं. वनस्पतीची ओळख पटवावी, प्रत्येक मात्रेत अर्क सारखा ठेवावा, चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत आणि चाचणीची नोंद आधीच जाहीर करावी. औषधाविना ठेवलेल्या गटावर अन्याय होतो, ही शंका इथे लागू पडत नाही. डेंग्यूच्या विषाणूवर ठरलेलं औषधच नाही आणि सलाइन, देखरेख दोन्ही गटांना मिळणारच.

महागडं औषध ज्याला परवडत नाही, त्याच्याच हाती पानांचा रस येतो. त्याच्या वाट्याला न तपासलेलं औषध आलं तरी चालेल, असं मानणं हा त्याचा अपमान आहे; आणि गावठी म्हणून ते तपासायचंच नाही, हाही अपमानच. गुण खरोखर असेल तर तो तुलनेत दिसेल. नसेल, तर पाला शोधण्यात जाणारा वेळ रुग्णाला पाणी पाजण्यात आणि वेळेवर दवाखान्यात नेण्यात जाईल. दोन्ही उत्तरांनी माणसं वाचतात.