टोचून घेणें हा अविश्वास होय काय?

करोनाच्या सांथींत, ता. १६ जानेवारी २०२१ रोजीं, आपल्या देशांत लस टोचण्यास आरंभ झाला, तेव्हां खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक जुनाच प्रश्न निघाला: प्रभु राखणारा असतां सुईचा आश्रय करणें हा अविश्वास नव्हे काय?

ज्याच्या मनांत हा प्रश्न येतो त्यास आम्ही हंसणार नाहीं. हिज्कीया राजास देवानें आणखी पंधरा वर्षें आयुष्य देण्याचें वचन दिलें, तरी यशयानें त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावविलाच. उलट, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देव झेलतो कीं काय हें पाहण्यास प्रभूनें साफ नकार दिला.

भयाची गोष्ट निराळी. डॉ. हाफकिन यांनीं ता. १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. तरी १९०२ सालीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं एका दूषित बाटलींतील लसीनें १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. हें झांकून ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. भिणाऱ्यास मूर्ख म्हणण्यापेक्षां त्याच्यापुढें खरा हिशेब मांडावा. करोनाच्या लसीनें पुष्कळांस ताप व अंगदुखी झाली, भारी अपाय क्वचितच. रोगानें मात्र घरेंच्या घरें उजाड केलीं, व त्यांत वृद्ध अधिक गेले.

“मी धडधाकट आहें, मला काय त्याचें?” असें म्हणणाऱ्या तरुणाशीं आमचें भांडण आहे. लसीनें संसर्ग पुरता थांबत नाहीं, परंतु कांहीं काळ तरी कमी होतो. त्याची म्हातारी आई त्याच ओसरीवर निजते; दंड पुढें करावा कीं नाहीं, हें त्यानें तिच्या खाटेकडे पाहून ठरवावें.