बरा झालेल्या भाच्यास

कर्जत

चि. बाळा,

तुझा रिपोर्ट पाहिला. गोळ्या संपून बारा आठवडे झाले तरी रक्तात विषाणू सापडला नाही, म्हणजे हिपॅटायटिस सी गेला. मी वॉर्डात कामाला होते तेव्हा याच आजाराला इंटरफेरॉनची इंजेक्शनं सहा-सहा महिने, कधी वर्षभर चालायची. ताप, अंगदुखी, खचलेलं मन, एवढं सोसूनही कित्येकांचा विषाणू जायचा नाही. तुझं काम बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी झालं, याचा मला फार आनंद आहे. पण या आनंदात एक गोष्ट रुग्णाला सांगायची राहून जाते, म्हणून हे पत्र.

हा आजार पुन्हा होऊ शकतो. गोवर एकदा येऊन गेला की सहसा परत येत नाही, तसं इथे नाही. आधीच्या लागणीने अंगात जी प्रतिपिंडं राहिली, ती तुला वाचवणार नाहीत. लसही नाही. हा विषाणू 1989 साली ओळखला गेला, त्या कामाला 2020 चं नोबेल मिळालं, तरी लस अजून हाती आलेली नाही. आणि परत आला तर तो सांगून येणार नाही. डोळे पिवळे होतील तेव्हा बघू, असं म्हणू नकोस. बहुतेकांना कावीळ दिसतच नाही, आणि यकृत मात्र वर्षानुवर्षं आतून खराब होत राहतं.

तो येतो रक्तातून. आपल्या भागात मला सगळ्यात जास्त भीती सुईची वाटते. भाताची लावणी उरकली की कंबर धरते, अंग मोडून येतं, आणि माणूस नाक्यावरच्या दवाखान्यात जाऊन स्वतःच म्हणतो, "डॉक्टर, एक सुई मारा, सलाईन लावा." गोळीने भागत असतं, पण सुईशिवाय बरं वाटल्याचं समाधान होत नाही. ही मागणी आपली आहे, बाळा, आणि ती आपणच सोडायला हवी. 2009 साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरला आणि कितीतरी माणसं दगावली. सी पसरायला तीच वाट पुरते. इंजेक्शन खरंच लागलं तर सिरिंजचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला सांग. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

न्हाव्याकडे दाढीला नवं ब्लेड लावून घे. घरात तुझा रेझर, ब्रश, नेलकटर वेगळा ठेव. साजगावच्या यात्रेत हातावर नाव गोंदवून घ्यायची हौस यंदा नको. एकच सुई किती हातांवरून फिरली हे तुला कळणार नाही. बाकी एका ताटात जेव, पोराला कुशीत घे, त्याने काही होत नाही.

आणखी एक, रागावू नकोस. बरं झाल्यावर पुन्हा लागण होते ती जगभर सर्वांत जास्त नशेची सुई वाटून घेणाऱ्यांना. सुईच नव्हे, तिच्यासोबतचं पाणी, चमचा, कापूससुद्धा वाटून घेतलेला घातक. तुझ्या सोबत्यांत असा कुणी असेल तर त्याला हिणवू नकोस, सरकारी दवाखान्यात घेऊन जा. नव्या सुया आणि नशा सोडवायचं औषध देणारी केंद्रं सरकारी कार्यक्रमातून चालतात.

कारखान्याच्या तपासणीत कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घाबरू नकोस. ती टेस्ट प्रतिपिंडं पाहते, आणि प्रतिपिंडं तुझ्या रक्तात राहणारच. विषाणू आहे की नाही हे व्हायरल लोडच सांगतो. सुई, वस्तरा, रक्त यांचा संशयास्पद संबंध आला तर व्हायरल लोडचीच तपासणी माग. परत सापडला तरी तो पुन्हा औषधाने जातो, तेव्हा लाजेने लपवू नकोस. दारू बंदच ठेव. बी ची लस झाली नसेल तर घे. यकृत आधीच कडक झालं असेल, म्हणजे सिरॉसिस, तर विषाणू गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सोडायची नाही. कर्करोगाचा धोका तेवढ्याने संपत नाही.

28 जुलै 2018 पासून देशात हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. सूनबाईची तपासणी अजून झालेली नाही. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात विचार, नाहीतर अलिबागला जिल्हा रुग्णालयात जा, पण या महिन्यातच तिला घेऊन जा.

तुझी,
मावशी